चर्चेविना मागण्या

दि. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचे अंदाजपत्रक काही मिनिटांत मंजूर केले. गोंधळ दोन्ही बाकांवरून चालू होता. एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा झाली नाही. २०१८ सालीही असेच घडले होते. संसदीय परिभाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि नाव अन्वर्थकच आहे!

घटनेच्या ११३ व्या कलमाने प्रत्येक मागणी मान्य करण्याचा, कमी करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार लोकसभेस दिला आहे. कर्जावरील व्याज मतास टाकताच येत नाही. २०२५-२६ च्या ५०.६५ लाख कोटींच्या अंदाजपत्रकात ते १२.७६ लाख कोटी होते. तेव्हा जे मतास येते, त्यावर तरी बोलावयास नको काय?

१९९३ पासून स्थायी समित्या मागण्या तपासतात, असे यावर सांगण्यात येईल. त्यांचे परिश्रम आम्हांस मान्य आहेत. परंतु त्यांच्या बैठकी बंद दाराआड होतात व शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिक्षणास इतकेच का, हे मंत्र्याने सभागृहात उभे राहून सांगावयास हवे. येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनात निदान शिक्षण व आरोग्य या दोन खात्यांच्या मागण्या तरी चर्चेस घ्याव्यात, अशी आमची सर्व पक्षांकडे मागणी आहे.