दासगावच्या बंदरात लागलेली आगबोट

महाडला समुद्र नाही. तरीही कित्येक पिढ्या महाड हे बंदरच होते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते आणि महाडपासून खाडी होऊन बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर पडाव आणि मचवे थेट महाडपर्यंत येत. घाटावरचा माल आंबेनळीने पोलादपूरला उतरायचा आणि महाडला नावेत चढायचा. महाबळेश्वरला हवा खायला निघालेले इंग्रजही सुरुवातीला याच वाटेने जात. ही वाट सोपी मात्र नव्हती. बाणकोटच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. १८५३ साली आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी तिथेच बुडाली. महाबळेश्वरचा आर्थर सीट त्याच मॅलेटच्या नावाचा.

या वाटेवर वाफ आली, त्याआधी ती महासागरावर येऊन गेली होती, आणि त्या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे. १८१९ साली अमेरिकेची ‘सव्हाना’ अटलांटिक ओलांडून गेली, पण बहुतेक अंतर शिडांवरच. १८२५ साली ‘एंटरप्राइझ’ इंग्लंडहून कलकत्त्याला आली, तिला ११३ दिवस लागले. मग मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या नवरोजी जमशेटजींनी ‘ह्यू लिंडसे’ बांधली. ४११ टनांची बोट, ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे आणि दोन्ही अंगांना पाणी मागे रेटणारी चाके. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन सुएझला निघाला. बोटीत कोळसा मावणार जेमतेम साडेपाच दिवसांचा आणि एडन अकरा दिवसांवर. म्हणून प्रवाशांच्या खोल्यांत आणि डेकवरही कोळसा रचला. एडन आले तेव्हा तो संपतच आला होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. केपला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड गाठायला महिनोन्महिने लागत. त्या हिशेबात ही मोठीच मजल होती.

कोळसा हीच साऱ्या जुन्या आगबोटींची अडचण. तिचे उत्तर ब्रुनेल या इंग्रज इंजिनियरने दिले. जहाजाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर पोटातली जागा आठपट होते, पाण्याचा विरोध मात्र चौपटीच्या आसपासच वाढतो. म्हणजे मोठ्या जहाजाला लांबच्या पल्ल्याचा कोळसा सहज पोटात घेता येतो. १८३८ साली त्याच्या ‘ग्रेट वेस्टर्न’ने पंधरा दिवसांत अटलांटिक पार करून हे सिद्ध केले. पुढे लोखंडी सांगाडा आला, चाकांच्या जागी पंखा आला आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८८३ साली आनंदीबाई जोशी याच वाफेच्या जोरावर अमेरिकेला वैद्यक शिकायला गेल्या.

कोकणाला मिळाल्या त्या लहान आगबोटी. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे, प्रत्येक बंदराबाहेर खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि भोंगा द्यायचा. मग किनाऱ्यावरून पडाव येत आणि बोचकी, पेट्या, लेकरे हातोहात खाली उतरत. पावसाळ्यात सेवा बंद. मुंबईच्या गिरणीतला कोकणी माणूस शिमग्याला घरी यायचा तो याच बोटीने. जोखीमही मोठी होती. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २४ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने महाडकडे निघाले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या पहिल्या परिषदेत, अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन झाले होते, आता दुसरी परिषद भरायची होती. धरमतरमार्गे मोटारीची वाट जवळची होती. पण मोटारवाले अस्पृश्यांना बसू देणार नाहीत अशी धास्ती होती, आणि ते नाकारते तर परिषदच अडली असती. म्हणून लांबचा सागरी मार्ग निवडला. खाडीवरच्या दासगाव बंदराहून महाड पाचेक मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायी जाता येते, हा त्यामागचा नेमका विचार. २५ तारखेच्या दुपारी मंडळी दासगावला उतरली तेव्हा हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तिथून मिरवणूक घोषणा देत महाडला गेली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दासगावातच वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी मार्चच्या परिषदेसाठी जिवाचे रान केले होते, हेही इथे सांगायलाच हवे.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला. मोटारी वाढल्या, खाडीची वाहतूक ओसरली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल पुरात वाहून गेला, तेव्हा सावित्रीचे नाव देशभर झाले ते त्या दुर्घटनेमुळे.

आगबोटींचा इतिहास लिहिताना वेग, टन आणि विक्रम मोजले जातात, आणि ते मोजावेतही. पण ‘पद्मावती’ने कसलाही विक्रम केला नाही. गावातल्या बहिष्काराचा हात जिथवर पोचत नव्हता, अशा वाटेने तिने माणसे आणली. चवदार तळ्याच्या इतिहासात दासगावच्या बंदराला, आणि आगबोटींच्या इतिहासात ‘पद्मावती’ला, मानाची जागा मिळाली पाहिजे.