विजोड जोडी

खानदेशात बर्फ म्हटला की तो गोळ्याचा, रसवंतीच्या गाड्यावरचा, नाहीतर लग्नमांडवातल्या पिंपात टाकलेल्या लादीचा. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा जळगाव-धुळ्याचा माणूस बर्फावर नाचण्याची कल्पना करीत नाही. तो सावली शोधतो. अशा प्रांतात आणि अशा ऋतूत बर्फावर नाचणाऱ्या जोड्यांविषयी व त्यांच्यावर निघालेल्या एका प्रेमपटाच्या उत्तरभागाविषयी आम्ही बोलणार, हे वाचून काहींना हसू आले असेल. त्यातून बोलणारा कामगार चळवळीतला! परंतु एकमेकांना न शोभणारी दोन माणसे एकाच कामाला कशी जुंपावीत, हा प्रश्न आम्हांला जन्मभर पडत आला आहे. ह्या खेळाचा आणि ह्या चित्रपटांचा विषय नेमका तोच आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. एक पुरुष व एक स्त्री पायांत पात्याचे बूट घालून, संगीताच्या तालावर बर्फाच्या मैदानावर घसरत कसरती करतात. हा जोडीचा खेळ १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलून धरतो, आणि तसे धरून घसरत राहतो. कधी तो तिला हवेत भिरकावतो; ती गिरक्या घेते आणि एका पायावर, एका पात्यावर उतरते. कधी तो एका जागी गिरकी घेत राहतो आणि ती त्याच्या एका हाताच्या आधाराने, डोके बर्फाला टेकेल इतकी आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते. ह्या कसरतीचे इंग्रजी नावच मुळी मृत्यूवरून पडलेले आहे. डोक्यावर शिरस्त्राण नसते, खाली जाळी नसते.

बुटाचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते. ते खालून लांबीच्या दिशेने किंचित खोलगट घासलेले असल्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. सगळी कला धारेवर आहे. कोणत्या धारेवर भार दिला यावर वळण ठरते, वेग ठरतो, उडी ठरते. पात्याच्या टोकाला करवतीसारखे दात असतात. ते बर्फात रोवून काही उड्या घेतात. बर्फावरच्या हॉकीच्या बुटाला हे दात नसतात. हा लहानसा फरक ध्यानात ठेवावा, कारण चित्रपटात त्यालाच महत्त्व आले आहे.

१९९२ साली अमेरिकेत ‘द कटिंग एज’ नावाचा चित्रपट निघाला. पॉल मायकेल ग्लेसर दिग्दर्शक, टोनी गिलरॉय लेखक. केट मोझली ही श्रीमंत बापाची मुलगी. खेळात तरबेज, पण तोंडाची इतकी तिखट की एकही जोडीदार टिकत नाही. डग डॉर्सी हा हॉकीचा खेळाडू. डोळ्याला इजा होऊन त्याची बाजूची नजर गेली आणि त्याबरोबर हॉकीही गेली. रशियन शिक्षक ह्या दोघांना एकत्र आणतो. हॉकीच्या बुटाची सवय असलेला हा गडी नव्या बुटाच्या दातांवर अडखळून पुन्हा पुन्हा तोंडघशी पडतो आणि ती हसते. भांडणातून सराव, सरावातून प्रेम, आणि शेवटी ऑलिंपिक, असा सरळ मार्ग आहे.

उत्तरभाग २००६ साली दूरचित्रवाणीसाठी झाला. दिग्दर्शक शॉन मॅकनमारा, उपशीर्षक ‘गोइंग फॉर द गोल्ड’. त्यात ह्याच दांपत्याची मुलगी जॅकी नायिका आहे. दोन चित्रपटांत अंतर चौदाच वर्षांचे, आणि मुलगी मात्र चांगली तरणीताठी झालेली! सिनेमातली मुले आपल्या कपाशीपेक्षा लवकर वाढतात, असे म्हणून हे सोडून द्यावे. जॅकी एकटीने खेळणारी. दुखापतीनंतर ती जोडीच्या खेळाकडे वळते. तिला जोडीदार मिळतो अ‍ॅलेक्स, म्हणजे एका रांगेत चाके लावलेले बूट घालून रस्त्यावर कसरती करणारा तरुण. चाक डांबरावरून फिरते, पाते बर्फात रुतते. तेव्हा बापाप्रमाणे ह्या जोडीदारालाही पहिल्यापासून शिकावे लागते.

उत्तरभाग बहुधा पहिल्याच कथेची उजळणी करतात, आणि हाही करतो. २००८ मध्ये तिसरा आणि २०१० मध्ये चौथा भाग निघाला. तिसऱ्यात फरक एवढाच की हॉकीची खेळाडू आता मुलगी झाली. तरीही ह्या दुसऱ्या भागात एक खरी गोष्ट सापडते. आईबाप निष्णात होते म्हणून मुलीची जोडी आपोआप जमली नाही. घर, पैसा, नाव वारशाने मिळाले. जोडीदाराच्या हातात हात देण्याची सवय तिला स्वतःच कमवावी लागली. आमच्या चळवळीतही बापाने लढून मिळवलेला हक्क मुलाला आयता मिळतो, परंतु ज्या एकीने तो मिळवला ती मात्र प्रत्येक पिढीला नव्याने बांधावी लागते.

चित्रपट जे पटकन उरकतो ते पाहायचे तर प्रत्यक्ष खेळाकडे गेले पाहिजे. अ‍ॅलोना सावचेन्को ही युक्रेनमध्ये जन्मलेली खेळाडू. जर्मनीकडून रॉबिन शोल्कोवी ह्या जोडीदाराबरोबर तिने २०१० आणि २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके मिळवली. मग शोल्कोवी निवृत्त झाला, आणि तिने ब्रूनो मासो ह्या फ्रेंच खेळाडूबरोबर पुन्हा आरंभ केला. त्याला जर्मन भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व घ्यावे लागले. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे पहिल्या फेरीत मासोची एक उडी चुकली आणि जोडी चौथ्या स्थानावर गेली. तिचे वय तेव्हा ३४, ऑलिंपिक पाचवे. दुसऱ्या फेरीत दोघांनी त्या वेळचा विक्रम केला. एकूण गुण २३५.९०; दुसऱ्या आलेल्या चिनी जोडीचे २३५.४७. अर्ध्या गुणाहूनही कमी अंतराने सुवर्णपदक मिळाले. ह्या जोडीला प्रेमकथेची गरज पडली नाही. गुण दोघांच्या मिळून मोजतात आणि एक पडला तरी दोघांचे कापतात, हा नियम मनात मुरला की जोडीदाराच्या चुकीवर बोट दाखवण्यात वेळ जात नाही.

आपल्या देशात सिमल्याला १९२० सालापासून बर्फाचे मैदान आहे. पण बाकी बहुतेकांच्या नशिबी चाकांचेच बूट. तरीही २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादचा अनुपकुमार यामा आणि गुजरातची अवनी पांचाळ यांनी चाकांवरच्या जोडीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण त्यांना लावण्याची सोय राहिली नाही.

विजोड जोडीचे आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेले उदाहरण बॅडमिंटनमध्ये आहे. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांना मलेशियाचे शिक्षक टॅन किम हर यांनी एकत्र आणले. दोघेही उंच, दोघेही मैदानाच्या मागच्या बाजूने जोरकस फटके मारणारे. जाळीपाशी राहायचे कोणी? भाषाही एक नव्हती. पुढे राहण्याचे काम शिकून घ्यावे लागले, खेळाची वाटणी बदलावी लागली. ह्या जोडीने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत बॅडमिंटनमध्ये भारताला मिळालेले ते पहिलेच सुवर्ण.

कामाची वाटणी बदलणे, हेच आमच्या मते जोडीचे मर्म होय, आणि आमच्या खानदेशी शेतकऱ्याला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एक बैल तगडा आणि दुसरा नाजूक असला, तर तो नाजूक बैलाला शिव्या देत बसत नाही. औताची दांडी जुवाला जिथे बांधतात तो बांध तो मध्यावरून जरा तगड्याच्या बाजूला सरकवतो. त्यामुळे तगड्याच्या खांद्यावर ओढीचा जास्त वाटा येतो, नाजूक बैल दमून बसत नाही, आणि तास सरळ जाते. बांध मध्यावर ठेवणे दिसायला समान असते. पण त्याने एक बैल मोडतो. बर्फावरही तसेच आहे. भिरकावणारा पुरुष बलवान, पण पडणार ती. म्हणून सांभाळण्याची अधिक जबाबदारी त्याच्या हातावर.

आता हे आपल्या दारात आणून पाहा. आपल्याकडे पत्रिका, जात, शिक्षण, पगार जुळवतात आणि जोडी जुळली म्हणून अक्षता टाकतात. त्यानंतर नवराबायको दोघेही कामावर जातात. संध्याकाळी तो खाटेवर टेकतो आणि ती चुलीपाशी उभी राहते. तेथे बांध कोणी सरकवत नाही.

कारखान्यातही तेच दिसते. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत एकाच यंत्रावर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी-शेजारी उभे असतात. काम एक, घाम एक. पगार आणि उद्याची खात्री वेगवेगळी. मागणी मांडण्याची वेळ आली की कायम कामगार म्हणतो, सगळ्यांनी सारखाच धोका पत्करावा. परंतु ज्याला संध्याकाळी गेटवरून परत पाठवता येते, त्याने सारखाच धोका कसा पत्करावा? येथे तगडा बैल कोणता हे उघड आहे. निवेदनावर पहिली सही कायम कामगाराची हवी आणि व्यवस्थापकापुढे पहिला आवाजही त्याचाच. हे उपकार नव्हेत. कंत्राटी माणूस दमून बसला, तर तास वाकडे दोघांचेही जाते. कायम कामगाराची जागा रिकामी झाली की तीही कंत्राटानेच भरली जाते, हे आम्ही पाहिले आहे.

प्रेमपटाने तरुणांना दोन घटका आनंद द्यावा. त्याला आमची ना नाही. पण तो पाहून उठताना एवढे विचारावे, की आपण ज्या जुवाखाली आहोत त्याचा बांध कोठे आहे, आणि तो सरकवायची पाळी आपली तर नाही ना?