पबमधील धूर आणि काउंटरमागचा माणूस

२९ मार्च २००४ रोजी आयर्लंडमधील सर्व पब, उपाहारगृहे आणि कामाच्या बंदिस्त जागा यांत धूम्रपानास मनाई झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९८ पासून, तर न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये मद्यगृहांतील धूम्रपान बंद केले होते. परंतु संपूर्ण देशाला लागू होणारी अशी बंदी प्रथम अमलात आणली ती आयर्लंडने. ज्या देशात पबवाचून गावाची कल्पना करता येत नाही, त्याच देशाने हे पाऊल उचलावे याचे जगाला आश्चर्य वाटले.

आपल्या बहुतेक वाचकांचा पबशी काही संबंध नाही. तथापि या वादातील मूळ प्रश्न दुकानदाराचा आहे. जागा मालकाची, परवाना त्याचा, भांडवल त्याचे आणि येणारा ग्राहक आपखुशीने येणारा; मग त्या चार भिंतींच्या आत काय चालावे हे सरकारने का ठरवावे? व्यापारी घरात वाढलेल्या कोणालाही हा प्रश्न परका वाटू नये.

आयरिश पबला केवळ दारूचे दुकान म्हणणे अपुरे ठरेल. अंत्यविधीनंतर मंडळी तेथे जमतात, सामन्याची चर्चा तेथे होते, फिडल आणि बासरी घेऊन वादक तेथेच बसतात. आपल्याकडील गावच्या पाराशी त्याची तुलना करता येईल. फरक इतकाच की या पाराचे भाडे असते आणि संध्याकाळी गल्ला मोजावा लागतो. तेव्हाचे आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांनी बंदीची घोषणा केली तेव्हा पबमालकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. धंदा बसेल, नोकऱ्या जातील आणि ग्रामीण भागात कायदा कोणी पाळणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हवा बाहेर फेकणारी यंत्रे बसवा, धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळा कोपरा राखा, असा तोडगाही सुचवण्यात आला. वरवर तो समंजस भासतो. पण एकाच दालनाच्या डाव्या बाजूचा धूर उजव्या बाजूस जाऊ नये अशी व्यवस्था कोणत्याही पंख्याला साधलेली नाही. वास कमी होतो, घातक कण आणि वायू उरतातच.

या वादाचे पारडे फिरवणारा मुद्दा ग्राहकाविषयीचा नव्हता. धूर नको असलेला ग्राहक उठून दुसरीकडे जाऊ शकतो, हा विरोधकांचा युक्तिवाद ग्राहकापुरता खराही होता. काउंटरमागे आठ-दहा तास उभ्या असलेल्या नोकराला मात्र उठून जाता येत नाही. तो सिगारेट ओढत नाही, तरी दिवसभर इतरांच्या सिगारेटचा धूर घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये हा परक्याचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा असल्याचा निष्कर्ष काढला होता. तेव्हा आयरिश सरकारने हा विषय सुखासीनांच्या सवयीचा न मानता कामगाराच्या सुरक्षिततेचा मानला. आणि डब्लिनमधील पबकामगारांचे प्रतिनिधित्व करणारी ‘मँडेट’ ही कामगार संघटना सरकारच्या बाजूने उभी राहिली. कारखान्यातील यंत्राला जाळी लावा असे सांगताना मालकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न जसा कोणी काढत नाही, तसेच हे.

ब्रिटनमध्ये हीच बाब लोकांच्या मनावर आधीच ठसली होती ती रॉय कॅसल यांच्यामुळे. दूरचित्रवाणीवरील हे लोकप्रिय कलावंत ट्रम्पेट वाजवत. त्यांनी कधी धूम्रपान केले नाही, तरी १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षानुवर्षे धुराने भरलेल्या क्लबांत दीर्घ श्वास घेत वादन केल्याचा हा परिणाम आहे, अशी त्यांची स्वतःची धारणा होती.

इंग्लंडने प्रथम अर्धी वाट निवडली. आरोग्यमंत्री जॉन रीड यांचे मत असे की, गरीब वस्तीतील माणसाच्या आयुष्यात सुखाच्या गोष्टी आधीच थोड्या, त्यातली सिगारेट हिरावून घेताना जपून पावले टाकावीत. त्यांच्या म्हणण्यात माणुसकीचा अंश नव्हता असे नाही. परंतु त्यातून जो प्रस्ताव निघाला तो चमत्कारिक होता: जेथे जेवण मिळते त्या पबमध्ये बंदी, जेथे केवळ मद्य मिळते तेथे आणि सभासदांच्या खासगी क्लबांत मुभा. म्हणजे जेवण वाढणाऱ्या नोकराच्या फुप्फुसांना संरक्षण आणि केवळ बिअर ओतणाऱ्याच्या फुप्फुसांना नाही. शिवाय केवळ मद्य विकणारे पब बहुतांशी कष्टकरी वस्त्यांतच होते. ज्यांच्याविषयी कळवळा, त्यांच्याच वाट्याला धूर.

येथे व्यापाऱ्यांच्या भूमिकेत झालेला बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. वेदरस्पून या मोठ्या पबसाखळीने कायद्याची वाट न पाहता आपले सर्व पब धूरमुक्त करण्याचा मनोदय २००५ मध्ये जाहीर केला. काही पबांत अंमल सुरू झाला, तेथील विक्री घटली आणि योजना आवरती घ्यावी लागली. एकट्याने नियम पाळला की ग्राहक रस्ता ओलांडून शेजारच्या पबमध्ये जातो, हे त्यातून दिसले. वजनकाट्याबाबत प्रामाणिक राहणाऱ्या किराणा दुकानदाराला, शेजारी मापात मारत असेल तर, जी अडचण येते तीच ही. त्यामुळे बंदी टळत नाही असे दिसताच पबमालकांच्या संघटनेचा आग्रह बदलला: क्लबांना सवलत नको, नियम सर्वांना सारखा असू द्या. १४ फेब्रुवारी २००६ रोजी कॉमन्स सभागृहात खासदारांना पक्षादेशाविना मत देण्याची मुभा मिळाली आणि क्लबांसह संपूर्ण बंदीच्या बाजूने ३८४, तर विरुद्ध १८४ मते पडली. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी लागू झाली. दंडाची रचनाही बोलकी आहे. इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यास जागीच होणारा दंड ५० पौंडांचा, तर ती ओढू देणाऱ्या चालकास न्यायालयात होऊ शकणारा दंड २,५०० पौंडांपर्यंत. जबाबदारी कोणाची, हे त्यावरून कळते.

मग धंदा बसला काय? आकडे पाहिले तर ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते, ते २०१८ पर्यंत ४८ हजारांच्या आसपास आले. बंदीचे विरोधक ही संपूर्ण घट बंदीच्या खाती टाकतात. जमाखर्चाची वही इतकी सोपी नसते. ही घसरण २००७ पूर्वीच सुरू झाली होती. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त झाली, २००८ मध्ये जागतिक मंदी आली आणि त्याच वर्षापासून ब्रिटिश सरकारने बिअरवरील कर महागाईच्या दरापेक्षा अधिक वेगाने वाढवण्याचे धोरण स्वीकारले. एकाच काळात चार कारणे घडली असता एकावरच बोट ठेवणे, हे कर्जदाराच्या बुडीत खात्याची तपासणी करताना कोणी मान्य करणार नाही. तरीही तोटा मुळीच झाला नाही असा दावा करणेही प्रामाणिक होणार नाही. ज्यांच्याजवळ मागे अंगण होते त्यांनी छत्र्या लावल्या, तापक बसवले, स्वयंपाकघर वाढवले आणि कुटुंबांना बोलावले. कोपऱ्यावरील एका खोलीचा, केवळ बिअर विकणारा छोटा पब हे करू शकला नाही. बंदीची झळ अशा दुर्बळ दुकानांना अधिक बसली, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारने काही तरतूद केली नाही.

प्रकृतीच्या बाजूची जमा मात्र ठळक आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात बंदी होती आणि सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये ती २००७ पर्यंत नव्हती. जणू एक प्रयोगच आयता मांडला गेला. धूम्रपान न करणाऱ्या पबकामगारांच्या लाळेत निकोटिनपासून बनणाऱ्या कोटिनिन या द्रव्याचे प्रमाण तपासले असता प्रजासत्ताकात ते ८० टक्क्यांनी, तर उत्तरेत केवळ २० टक्क्यांनी घटलेले आढळले. स्कॉटलंडमधील ९ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या बंदीनंतर १७ टक्क्यांनी कमी झाली. इंग्लंडमधील नंतरच्या अभ्यासात ही घट अडीच टक्क्यांच्याही किंचित खाली भरली. दोन आकड्यांतील हे अंतर मोठे आहे आणि पहिलाच आकडा तेवढा सांगत राहणे योग्य नव्हे. पण दिशा एकच आहे.

आता वाद भिंतीबाहेर गेला आहे. २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने पबच्या अंगणातही मनाई करण्याचा विचार केला. मालकांनी पुन्हा धंद्याचा मुद्दा मांडला आणि नोव्हेंबरमध्ये मांडलेल्या विधेयकातून पबची अंगणे वगळण्यात आली. उघड्या हवेत धूर विरतो आणि तेथे नोकराचे येणे-जाणे क्षणभराचे असते, हे लक्षात घेता ही माघार अवाजवी म्हणता येत नाही.

भारतात हा वाद इतका रंगला नाही, कारण येथे निर्णय आधी न्यायालयातून आला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान रोखण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. मात्र ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना धूम्रपानासाठी स्वतंत्र बंद खोली ठेवण्याची मुभा राहिली. इंग्लंडने टाकून दिलेली अर्धी वाट ती हीच. २०१७ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन त्या खोलीत कोणतीही सेवा देण्यास मनाई झाली. चहाचा पेला घेऊनदेखील वेटरने आत जायचे नाही. ही दुरुस्ती उत्तम आहे. तथापि रात्री दुकान बंद होताना त्या खोलीतील रक्षापात्रे रिकामी करण्यास आणि फरशी पुसण्यास कोणीतरी आत जातोच, आणि तो मालक नसतो.