घरच्या घरीं रेडियमचीं अक्षरें



शहरांतील कोणत्याहि रस्त्यानें दहा मिनिटें चालत गेलें, तर दोन्ही बाजूंना कापून चिकटविलेलीं अक्षरें दिसतात. दवाखान्याच्या कांचेवर डॉक्टरांचें नांव व भेटण्याची वेळ, रिक्षाच्या पाठीवर मुलांचीं नांवें, सोसायटीच्या फाटकावर सूचना, दिवाळीच्या दिवसांत उंबरठ्यावर लक्ष्मीचीं पावलें. हीं कुंचल्यानें रंगविलेलीं नसतात. रंगीत, चिकट कागदांतून यंत्रानें कापून तीं बसविलेलीं असतात. आपल्याकडे या कामाला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात व तें करणाऱ्याला रेडियमवाला. रेडियम नांवाच्या धातूशीं या कागदाचा कांहींएक संबंध नाहीं, तो व्हिनाईल नांवाच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पण नांव रूढ झालें आहे, तेव्हां आपणहि तेंच वापरूं.

हें यंत्र आतां जेवणाच्या टेबलावर मावेल इतकें लहान मिळतें. साहजिकच, हा धंदा घरीं करतां येईल काय, असा प्रश्न अनेक कुटुंबांत निघतो. माझें उत्तर असें कीं, करतां येतो. मात्र माल, अक्षर आणि हिशेब या तीन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत. बहुतेक लोक यंत्रापासून सुरुवात करतात आणि हिशेब शेवटीं मांडतात. खरी अडचण तेथेंच उत्पन्न होते.

प्रथम माल. व्हिनाईल म्हणजे पॉलिव्हिनाईल क्लोराइड. हा पदार्थ मुळांत ताठ व ठिसूळ असतो. १९२६ सालीं अमेरिकेंत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञानें त्याला मऊ, लवचिक करण्याची रीत शोधून काढली व तेथून त्याचा प्रसार झाला. बाजारांत त्याचे दोन मुख्य प्रकार मिळतात, आणि दोहोंतील फरक स्वयंपाकघरांतील उदाहरणानें चटकन् ध्यानांत येईल. पहिला प्रकार पोळीसारखा, म्हणजे गरम रुळांमधून दाबून लाटलेला. लाटलेली पोळी जशी पोळपाटावर थोडी आंखडते, तसा हा कागदहि आपल्या अंगांतील ताण सोडीत कालांतरानें किंचित् आंखडतो. दुसरा प्रकार धिरड्यासारखा, म्हणजे पातळ द्रव ओतून पसरलेला. त्याच्या अंगांत ताण नसल्यामुळें तो आंखडत नाहीं, वळणदार पत्र्यावर नीट बसतो व उन्हापावसांत अधिक वर्षें टिकतो. लाटलेला कागद साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, ओतलेला सुमारें ५० मायक्रॉनचा. पहिला स्वस्त, दुसरा महाग. घरांतील बरण्या, कपाटें, सपाट कांच यांना पहिला पुरे होतो. मोटारीच्या गोलाईवर तोच लावला, तर कांहीं महिन्यांनीं कडा उचलल्या जातात आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाहीं.

कापण्याच्या यंत्रांत एक बारीक, फिरतें पातें असतें. संगणकावर काढलेल्या रेषांवरून तें चालतें. खुबी इतकीच कीं, वरचा रंगीत पापुद्रा कापला गेला पाहिजे आणि खालचा गुळगुळीत कागद अखंड राहिला पाहिजे. म्हणून दर वेळीं कोपऱ्यांत एक लहानसा चौकोन कापून पाहावा. नेहमींच्या कागदाला ४५ अंशांचें पातें चालतें, जाड मालाला ६० अंशांचें लागतें. मग अक्षराभोंवतींचा व पोटांतला फालतू भाग चिमट्यानें काढून टाकावयाचा, हें काम तांदूळ निवडण्याइतकेंच चिकाटीचें आहे. त्यानंतर वरून टेप लावून सबंध मजकूर एकदम उचलतां येतो. एक धोक्याची सूचना येथेंच देतों: लेसरच्या यंत्रानें व्हिनाईल कधींहि कापूं नये. जळतांना त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायु निघतो. तो फुप्फुसांना बाधतो व यंत्रहि गंजवितो. याच कारणासाठीं उरलेले तुकडे कचऱ्याबरोबर जाळूं नयेत.

आतां अक्षर. मराठीचें वैशिष्ट्य येथें आड येतें आणि उपयोगीहि पडतें. संगणकाच्या दृष्टीनें प्रत्येक अक्षराचा बाह्याकार निराळा असतो आणि शिरोरेषा एकमेकींवर किंचित् चढलेल्या असतात. तसाच मजकूर यंत्राला दिला, तर दर दोन अक्षरांच्या सांध्यावर पातें शिरोरेषा कापतें आणि एका नांवाचे पांच-सहा तुकडे होतात. यावर उपाय म्हणजे कापण्यापूर्वीं सर्व आकार एकत्र जोडून घेणें. इंकस्केप या विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलींत ती सोय आहे. एकदां जोडणी झाली, कीं तीच शिरोरेषा सबंध शब्दाला एकत्र धरून ठेवते. इंग्रजी नांवाचीं अक्षरें सुटीं सुटीं सांभाळावीं लागतात, मराठी शब्द तोरणासारखा एकसंध उचलला जातो. अनुस्वार मात्र एकटा असतो. तो टेपला न लागतां खालींच राहिला, तर ‘चिंतामणी’चा ‘चितामणी’ होतो! म्हणून उचललेला मजकूर उलटून एकवार वाचावा.

अक्षरवळणें निवडतांनाहि विवेक पाहिजे. दुसऱ्यानें श्रमपूर्वक तयार केलेलें वळण परवानगीवांचून धंद्याला वापरणें योग्य नव्हे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचीं ‘मुक्त’ व ‘बलू’ हीं देवनागरी वळणें खुल्या परवान्याखालीं मिळतात, धंद्यालाहि वापरतां येतात. टंकलेखन युनिकोडमध्यें करावें, कारण जुन्या पद्धतीच्या फॉण्टांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला कीं निरर्थक चिन्हांची रांग होते. आणि कापण्यापूर्वीं गिऱ्हाइकाकडून मजकुराला लेखी संमति घ्यावी. ऱ्हस्वदीर्घाची चूक दारावर कायमची चिकटते. ती कोणाची, हा वाद मागाहून घालण्यांत अर्थ नसतो.

शुद्ध मराठी लिहितां येणें ही या धंद्यांत मोठीच ठेव आहे. महाराष्ट्रांत दुकानांविषयींचा २०१७ चा जो अधिनियम आहे, त्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाहि मराठी देवनागरी नामफलक सक्तीचा झाला. मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान असतां कामा नयेत, असाहि दंडक आहे. चांगला, सुवाच्य मजकूर मांडून देणाऱ्याला त्यामुळें काम आहे.

चिकटविण्याची कला थोडक्यांत सांगतों. पृष्ठभाग स्पिरिटनें पुसून कोरडा करावा. लहान मजकूर कोरडाच बसवावा. मोठा असेल, तर कांचेवर साबणाचे दोन थेंब घातलेलें पाणी शिंपडावें, म्हणजे तो सरकवून सरळ करतां येतो. नंतर मधून कडांकडे दाबत पाणी व हवा बाहेर काढावी. नव्या रंगाच्या भिंतीला तीन-चार आठवडे वाळूं द्यावें, आणि पावसाळ्यांत ओल आलेल्या भिंतीचें काम सरळ नाकारावें. कांचेच्या आंतून लावून बाहेरून वाचावयाचीं अक्षरें आरशांतल्याप्रमाणें उलटीं कापावीं लागतात, हें विसरूं नये.

कायद्याच्या कांहीं मर्यादाहि आहेत. प्रसिद्ध चित्रपटांतील पात्रें, खेळाच्या संघांचीं चिन्हें, मोठ्या कंपन्यांच्या मुद्रा कापून विकणें हा १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचा किंवा १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचा भंग ठरतो. चित्रकाराच्या हयातींत व त्यानंतर ६० वर्षें त्याच्या चित्रावरील हक्क कायम असतो. वाहनांच्या नंबरपाट्यांचें काम घेऊं नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षेची पाटी सक्तीची आहे व ती अधिकृत ठिकाणींच होते. मोटारीच्या कांचांबद्दल १९८९ चे केंद्रीय नियम असें सांगतात कीं, पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणून कांच झांकून टाकणारें काम गिऱ्हाइकानें कितीहि आग्रह केला तरी करूं नये. उद्योगाची नोंदणी ‘उद्यम’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठीं मध्यस्थाला पैसे देण्याचें कारण नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावे व त्यांच्या जागीं आपापले घालावे. समजा, यंत्र ३०,००० रुपयांस घेतलें व तें तीन वर्षें चाललें. महिना सुमारें ८३३ रुपये पडले. महिन्यास ४० कामें मिळालीं, तर दर कामावर यंत्राचे २१ रुपये. दारावरच्या एका नांवाला कागद, वाया जाणारा भाग धरून, ३६ रुपयांचा. टेप १० रुपये. पातें व वीज ८ रुपये. वेष्टन व जाणेंयेणें २५ रुपये. एकूण खर्च १०० रुपये. तें नांव २०० रुपयांस विकलें. घरांतील सर्वांना वाटतें, शंभर रुपये नफा झाला.

परंतु वेळेचें काय? गिऱ्हाइकाशीं बोलणें व आराखडा ४० मिनिटें, कापणें १०, निवडणें २५, टेप व बांधणी १५. एकूण दीड तास. शिवाय दहांतलें एक काम बिघडून पुन्हा करावें लागलें, तर प्रत्येक कामावर आणखी १० रुपये व ९ मिनिटें चढतात. म्हणजे ९९ मिनिटांच्या श्रमाचे ९० रुपये, तासाला सुमारें ५५. आणि महिन्यास ४० ऐवजीं दहाच कामें आलीं, तर यंत्राचा भार २१ वरून ८३ वर जातो आणि त्याच नांवामागें हातीं जेमतेम २८ रुपये उरतात.

हा हिशेब निरुत्साह करण्यासाठीं सांगितला नाहीं. घरांतील बाईच्या वेळेला किंमत नाहीं, असें गृहीत धरूनच पुष्कळ गृहोद्योगांचा नफा काढलेला असतो. दुपारची विश्रांति आणि रात्रींची झोंप मोडून केलेलें काम फुकट धरलें, कीं कोणताहि धंदा फायद्याचा दिसतो. वर्षभरानें ती थकते, यंत्र माळ्यावर जातें आणि दोष तिच्या चिकाटीला दिला जातो. वास्तविक दोष किंमतीचा असतो. तेंच नांव ३०० रुपयांस विकलें, तर तासाला ११५ रुपये पडतात. म्हणून पहिल्याच दिवशीं तासाचा आपला मोबदला ठरवावा, तो खर्चांत मांडावा आणि मग किंमत सांगावी.

तीनशें रुपये गिऱ्हाईक कां देईल? कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याशीं स्वस्ताईची चढाओढ केली, तर देणार नाहीं. त्याचा हात आपल्याहून जलद असतो व माल तो घाऊक घेतो. घरच्या उद्योगाचें बळ निराळें आहे: निर्दोष मराठी, एकच नग असला तरी मनापासून केलेली मांडणी, आणि घरीं जाऊन नीट बसवून देणें. यासाठीं माझी सूचना अशी कीं, यंत्र प्रथम घेऊंच नये. दोन-तीन महिने आराखडा आपण करावा, कापून त्याच रेडियमवाल्याकडून घ्यावें आणि बसविण्याचें काम आपण करावें. त्यांत त्यालाहि काम मिळतें. एका वहींत प्रत्येक कामाचा खर्च, वेळ व बिघाड लिहीत जावें. गणपति किंवा दिवाळीची गर्दी वगळून, साध्या महिन्यांतहि पुरेशीं कामें येतात असें त्या वहीनें दाखविलें, तर यंत्र खुशाल घ्यावें. तें शिलकींतून घ्यावें, दागिने गहाण ठेवून नव्हे.

सारांश, कागद कामाप्रमाणें निवडावा, अक्षरें जोडून कापावीं, मजकूर दोनदां वाचावा आणि आपल्या तासाची किंमत दुसऱ्या कोणी ठरविण्यापूर्वीं आपण ठरवावी. एवढें पथ्य पाळलें, तर हा लहानसा उद्योग घराला भार न होतां आधार होईल.