चौदाव्या दिवसाचं खूळ

"वर्ष झालं चान्स घेतोय. चौदावा दिवस एकदाही चुकवला नाही. तरी काही नाही." हे वाक्य मी डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात ऐकलंय, ठाण्याला गोखले रोडवर मेडिकलच्या काउंटरशी ऐकलंय, नात्यातल्या सुनांकडून ऐकलंय. पाळी २५ दिवसांनी येणारी असो, ३५ दिवसांनी येणारी असो, की कधी येईल ते देवालाच ठाऊक अशी असो, सगळ्यांचा दिवस एकच. जणू पंचांगातच छापून आलाय.

हा आकडा आला कुठून ते आधी पाहू. १९२०च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस या दोन डॉक्टरांना, एकमेकांशी संबंध नसताना, एकच गोष्ट सापडली : स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. पुढची पाळी. म्हणजे मोजणी मागून करायची होती. २८ दिवसांच्या चक्रात पुढून मोजा किंवा मागून, उत्तर चौदाच येतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मागून मोजायचं लोक विसरले, चौदा तेवढा लक्षात राहिला. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. २४ दिवसांनी येते तिचं दहाव्याच्या आसपास. चौदाव्या दिवशी पहिलीचं बीज अजून पिकायचं असतं आणि दुसरीचं संपून गेलेलं असतं. दोघी वर्षभर अगदी नेमाने हुकतात आणि मग दोष नशिबाला देतात, नाहीतर सासूनं सांगितलेल्या पपईला.

"पण माझी पाळी अगदी नियमित आहे हो." असेलही. २०१९ साली सहा लाखांहून जास्त मासिक चक्रांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली, पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ सरासरी १६.९ दिवस, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं जेमतेम १३ टक्के. म्हणजे ज्या चक्रावर हा चौदाव्याचा हिशोब उभा आहे, ते चक्रच अल्पसंख्य आहे. त्याआधी २००० साली अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं होतं की गर्भ राहू शकेल असे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात अशा स्त्रिया फक्त ३० टक्क्यांच्या घरात. उरलेल्या ७० टक्के जणींचे दिवस या चौकटीच्या आधी सुरू होतात किंवा नंतर संपतात. सातव्या दिवशीच १७ टक्के स्त्रियांचे हे दिवस सुरू झालेले होते. पाठ्यपुस्तकातली ती सुबक आकृती डोक्यातून काढून टाकायला याहून जास्त पुरावा कशाला हवा?

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. गौरी-गणपती, घरची पूजा, लग्नकार्य, देवदर्शनाची सहल, काहीही निघालं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. मेडिकलवाला काही विचारत नाही, आपणही सांगत नाही. त्या गोळ्यांत नॉरइथिस्टेरॉन असतं. गोळ्या थांबवल्यावर दोनतीन दिवसांत रक्तस्राव होतो, तो गोळी थांबली म्हणून. त्या महिन्याची तारीख पकडून पुढचे अंदाज बांधायचे असतील तर खुशाल बांधा, पण त्यांना हिशोब म्हणू नका. सण पार पडतो, आणि पुढच्या महिन्यात तीच बाई चौदावा दिवस मोजत बसलेली असते.

आता समजा, बीज कधी सुटतं ते अगदी तासावर कळलं. तरी त्या एका दिवशी सगळा भार टाकणं चूकच. बीज सुटल्यावर फार तर १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र गर्भाशयाच्या मुखाच्या चिकट, पारदर्शक स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीजाच्या स्वागताला शुक्रजंतू आधीपासून हजर असायला हवेत. विलकॉक्स यांच्याच १९९५च्या अभ्यासात २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने आणि रोजच्या नोंदी होत्या. गर्भ राहिले ते सगळे सहा दिवसांतल्या संबंधांतून : बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही नाही. म्हणजे 'बीज सुटलं, आता लागा कामाला' असं म्हणणारे बहुतेक वेळा गाडी सुटल्यावर फलाटावर पोचतात.

याच खुळाचं दुसरं टोक म्हणजे साठवण. नवऱ्याला दहा-बारा दिवस लांब ठेवायचं, का तर चौदाव्यासाठी ताकद जमू दे. असली काही ताकद जमत नाही. प्रजननतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस स्पष्ट आहे : या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध ठेवले की शक्यता सर्वांत चांगली. पाच दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर वीर्याचा दर्जा खालावू शकतो. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला "आज चौदावा आहे, रजा टाका" असा फोन जातो तेव्हा त्या घरात काय होत असेल ते सांगायला नको. त्यापेक्षा कुटुंबनियोजनवाल्यांचं 'माला चक्र' बरं. ३२ मण्यांची ही माळ २६ ते ३२ दिवसांचं चक्र असणाऱ्या बायकांसाठी आहे आणि तिच्यात आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे मणी पांढरे असतात. ती गर्भ टाळण्यासाठी बनवली, पण मूल हवं असणाऱ्यांनी उलटी वाचली तरी उपयोग होतो : पांढऱ्या मण्यांत दर एक-दोन दिवसांनी संबंध, बाकी डोक्याला ताप नाही.

मग ओव्ह्युलेशन किट हवं कशाला? ज्यांची पाळी मागेपुढे होते, किंवा जोडीदार नोकरीनिमित्त आठवड्याचे चारच दिवस घरी असतो, त्यांना त्याचा उपयोग आहे. पट्टी लघवीतलं एलएच हे संप्रेरक पाहते. बीज सुटण्याआधी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ते झपाट्याने वाढवते, आणि पट्टी पॉझिटिव्ह आल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. म्हणजे ही आगाऊ सूचना आहे, पावती नव्हे. पट्टी पॉझिटिव्ह येईपर्यंत थांबून राहिलात तर सहातले निम्म्याहून जास्त दिवस हातचे गेलेले असतात.

सुरुवात कधी करायची यासाठी पुन्हा चौदा नको. गेल्या पाचसहा महिन्यांतलं सर्वांत छोटं चक्र घ्या, त्यातून १७ वजा करा. ३० दिवसांचं असेल तर तेराव्या दिवसापासून, ३५चं असेल तर अठराव्यापासून. रोज साधारण ठरलेल्या वेळी. पहाटेची पहिली लघवी यासाठी तितकीशी चांगली नाही. एलएचची उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. सकाळी दहा ते रात्री आठ ही वेळ बरी, आणि त्याआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नये. सातच्या लोकलने जाऊन रात्री आठला कल्याणला उतरणाऱ्या बाईने ही पट्टी ऑफिसच्या बाथरूममध्येच करावी, दुसरा इलाज नाही. प्रवासात जायला मिळणार नाही म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणी कमी पितात, त्यामुळे लघवी दाट असते आणि पट्टीला ते सोयीचं असतं. मूत्रपिंडाला नसतं, पण तो वेगळा लेख आहे.

आता रेघा. प्रेग्नन्सी कार्डावर दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच : सांगितलेल्या वेळेत उमटली असेल तर पॉझिटिव्ह. ओव्ह्युलेशन पट्टीवर मात्र फिकट दुसरी रेघ म्हणजे निगेटिव्ह, कारण एलएच शरीरात थोडंफार नेहमीच असतं. 'टी'ची रेघ 'सी'च्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. एका कार्डाचा नियम दुसऱ्याला लावून महिनाभर आनंदात राहिलेल्या बायका आहेत, आणि खरी उसळी हातची घालवलेल्याही.

पीसीओएस असेल तर या पट्टीवर फार विसंबू नये. त्यात एलएच मुळातच चढं राहू शकतं, मग पट्टी दिवसेंदिवस पॉझिटिव्ह दाखवते आणि बीज सुटतच नाही. चाळिशीच्या पुढेही असं होतं. क्लोमिफेनच्या गोळ्या नुकत्याच संपल्या असतील तरी पट्टी फसवू शकते. एलएच वाढूनही बीज न सुटणं शक्य आहे. ते पाहायला सोनोग्राफी लागते, जिला आपल्याकडे सगळे 'फॉलिक्युलर स्टडी' म्हणतात, किंवा पाळीच्या साधारण आठवडाभर आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन.

प्रेग्नन्सी कार्डाबद्दल राग येतो तो घाईचा. बीज सुटून आठ दिवस झाले नाहीत तोच कार्ड. गर्भ रुजल्याशिवाय एचसीजी हे संप्रेरक तयार होऊन लघवीत येत नाही, आणि विलकॉक्स यांच्या १९९९च्या अभ्यासात टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले होते. २००१ साली याच मंडळींनी हिशोब मांडला : पाळी चुकली त्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भ रुजलेलेच नसतात. म्हणून जगातलं सर्वांत चांगलं कार्डही त्या दिवशी ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आठवडाभराने हाच आकडा ९७ पर्यंत पोचतो. खोक्यावरचे '९९ टक्के अचूक' हे शब्द प्रयोगशाळेतल्या नमुन्यांबद्दल असतात, तुमच्या घाईबद्दल नसतात. पाळी चुकल्यावर कार्ड निगेटिव्ह आलं तर दोनचार दिवस थांबून सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. आठवड्यानेही निगेटिव्ह आणि पाळीही नाही, तर डॉक्टरांकडे जा. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर पाळी त्यांच्यामुळेच लांबते, हेही ध्यानात असू द्या.

लवकर कार्ड करण्याचा आणखी एक त्रास कुणी बोलत नाही. रुजलेल्या गर्भांपैकी बरेच पहिल्या काही दिवसांतच संपतात. १९८८च्या एका अभ्यासात जवळजवळ २२ टक्के गर्भ स्त्रीला पत्ताही लागण्याआधी गेले होते. पूर्वी ही पाळी दोन दिवस उशिरा आली एवढंच वाटायचं. आता आधी दोन रेघा, मग रक्तस्राव, आणि मग "मी काय चुकीचं केलं?" काहीही नाही. बस पकडायला धावलात, स्कूटरवर बसलात, तिखट खाल्लंत, यातल्या कशाने ते झालेलं नसतं.

उरलेल्या समजुती थोडक्यात. मीठ, साखर, टूथपेस्ट यांत लघवी मिसळून फेस बघणं निव्वळ करमणूक आहे. आनंदीबाई जोशी ज्या कल्याणात १८६५ साली जन्मल्या आणि पुढे अमेरिकेत प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या, त्या कल्याणात तरी हे व्हिडिओ बघू नयेत. गडद रेघ म्हणजे मुलगा, असं काही नसतं. लिंग कार्डाला कळत नाही, आणि ते तपासणं महाराष्ट्रात १९८८पासून, देशात १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. अर्ध्या तासाने दिसलेली करडी रेघ मोजू नये, पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांत वाचून कार्ड टाकून द्यावं. अँटिबायोटिकने निकाल बदलत नाही, पण 'अंडं फुटायचं' एचसीजी इंजेक्शन घेतलं असेल तर दहा ते चौदा दिवस कार्ड खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. महागडं कार्ड जास्त खरं बोलतं असं नाही. आशाताईंकडून मिळणारं सरकारी 'निश्चय' कार्डही तेच एचसीजी पाहतं. बहुतेक पाकिटांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, तेव्हा वैशाखात ती स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नका, आणि पावसाळ्यात पाकीट आधीच फोडूनही ठेवू नका.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे गर्भ आहे, एवढंच. तो कुठे आहे हे कार्ड सांगत नाही. गर्भनलिकेत रुजलेला गर्भही दोन रेघा दाखवतो. पॉझिटिव्ह आल्यावर पोटाच्या एका बाजूला दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, थोडा रक्तस्राव यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नये. डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कल्याणचं रुक्मिणीबाई, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल तिथे त्याच वेळी पोचायचं.

आणि या सगळ्या पट्ट्या तपासतात फक्त बाईला. नवऱ्याचे शुक्रजंतू किती आणि कसे आहेत, नलिका मोकळ्या आहेत की क्षयरोगाने बंद झाल्यात, हे कुठल्याच पट्टीत दिसत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं, तरी वीर्यतपासणीचं नाव काढलं की घरात शांतता पसरते आणि बायकोसाठी आणखी एक किट विकत आणलं जातं. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त आणि न दुखणारी आहे, म्हणून ती पहिली करावी. त्यासाठी दोन ते सात दिवसांचा खंड लागतो. चौदा नव्हे.