चार पायांचे पिल्लू: चमत्कार नव्हे, पुरावा

बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या चिकनच्या दुकानात चार पायांची कोंबडी कुणाला दिसत नाही, याचा अर्थ ती जन्मतच नाही असा नव्हे. अंडी फुटली की हॅचरीत पिल्लांची निवड होते आणि अधू किंवा जादा अवयवांची पिल्ले तिथेच बाजूला काढली जातात. त्यामुळे शहरातल्या माणसाला असे व्यंग भेटते ते वर्तमानपत्रातल्या ‘अजब’ बातमीत, नाहीतर झूल पांघरून दारोदार फिरवल्या जाणाऱ्या, वशिंडापाशी पाचवा पाय लोंबणाऱ्या गाईच्या रूपात. एकीकडे कुतूहल, दुसरीकडे नमस्कार. कारणाचा विचार दोन्हीकडे थांबतो. वास्तविक शरीर ज्या नियमांनी घडते त्याच नियमांनी व्यंगही घडते आणि म्हणूनच त्यावरून कारणाचा माग काढता येतो.

विल्यम बेटसन यांनी 1894 मध्ये प्राण्यांतल्या असंख्य व्यंगांची नोंद करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. जादा उगवलेला अवयव बऱ्याचदा शेजारच्या अवयवाची आरशातली प्रतिमा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. असे का व्हावे, याचे उत्तर मिळाले ते कोंबडीच्या अंड्यात. पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येते, पण पंख आणि पाय यांचे कोंब तिसऱ्या दिवसाच्या सुमारासच फुटतात. जॉन सॉन्डर्स यांनी 1948 मध्ये कोंबाच्या टोकाची कड कापून पाहिली. कड जितकी लवकर कापावी तितका अवयव आखूड राहिला. पुढे 1968 मध्ये मेरी गॅसलिंग यांच्यासह त्यांनी कोंबाच्या मागच्या कडेचा तुकडा पुढच्या कडेला बसवला, तेव्हा पंखाला बोटांचा दुसरा संच उगवला, तोही उलट्या क्रमाने. बेटसन यांची आरशातली प्रतिमा अशी प्रयोगशाळेत हुकमी उमटली. कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा आपल्याकडेही आहे. एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी ती पुणे विद्यापीठात रुजवली.

कोंबाच्या मागच्या कडेतून निघणारा संदेश ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचा असल्याचे 1993 मध्ये कळले. हे जनुक अवयवात कुठे आणि किती चालावे, हे डीएनएचा एक छोटा तुकडा ठरवतो. माणसात तो जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. या एकाच तुकड्यातल्या फेरफाराशी सिल्की कोंबडीचे पाचवे बोट, काही मांजरांचे जादा बोट आणि काही मानवी कुटुंबांतला दुहेरी अंगठा जोडलेला आहे. सापांमध्ये हाच तुकडा निकामी किंवा क्षीण झालेला आढळतो. पण जिथे अवयवच नसतो तिथे पाय फुटला, तर नियम कुठे राहिला? याचे उत्तर ओडिशातून आले. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी शेपूट कापलेल्या बेडूकमाशांना ‘अ’ जीवनसत्त्व दिले, तेव्हा शेपटीच्या जागी पाय उगवले. हे 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण शरीरात कुठे आहोत ही पेशींची खूणच बदलली होती. नवा अवयव मात्र पायाच्याच नियमांनी घडला.

सगळा भार जनुकांवर टाकला की प्रदूषण आणि औषधे नामानिराळी राहतात, हा आक्षेप रास्त आहे. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत 1957 ते 1961 या काळात विकले गेले आणि जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली. उंदरांच्या गर्भावर ते परिणाम जवळजवळ दिसत नाहीत. सशांच्या आणि कोंबडीच्या गर्भात दिसतात. मात्र संशय म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत मिनेसोटातल्या शाळकरी मुलांना 1995 मध्ये विकृत पायांचे बेडूक सापडले तेव्हा बोट कीटकनाशकांकडे गेले. कॅलिफोर्नियातल्या अशाच बेडकांवर काम करणाऱ्या पीटर जॉन्सन यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवले, की एका चपट्या कृमीची लागण बेडूकमाशांना केली तरी तशीच व्यंगे उमटतात. सगळ्या ठिकाणांचे कोडे त्याने सुटत नाही, आणि रसायनेही पूर्ण सुटत नाहीत: खते वाहून आलेल्या तळ्यात शेवाळ वाढते, त्यावर गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यात कृमी पोसला जातो.

कुक्कुटपालकाला यातून एक सोपी कसोटी मिळते. हजारो पिल्लांत एखादेच चार पायांचे निघाले, तर तो बहुधा त्या एका गर्भापुरता अपघात असतो. एकाच बॅचमध्ये अनेक पिल्लांचे पाय आखूड आणि जाड निघाले, तर अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातले मँगनीज तपासावे. ते कमी पडले की गर्भाची हाडे नीट वाढत नाहीत, हे 1930च्या दशकापासून ठाऊक आहे. बोटे वाकडी असतील तर ब जीवनसत्त्वांची कमतरता आणि उबवणीचे तापमानही पाहावे. तेव्हा व्यंग असलेले पिल्लू टाकून देण्याआधी किंवा त्याला हळदकुंकू वाहण्याआधी त्याची बॅच, खाद्य आणि उबवणीची तारीख वहीत लिहा, आणि तसे दुसरे दिसले की पशुवैद्यकाला बोलवा.