भाचरांसाठी पहिली रायफल: ताकद नाही, माप बघा

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं आणि बऱ्याच घरांत एकच हट्ट सुरू झाला: "मला पण शूटिंग शिकायचंय." आमच्याकडे भाचा बारा वर्षांचा आणि पुतणी दहाची. मग घरातले मोठे म्हणतात, "घ्यायचीच तर जोरदार घे, परत परत खर्च नको." आजचा भाग नेमका याच वाक्याबद्दल आहे. कारण शिकणाऱ्या मुलासाठी जोरदार रायफल ही सगळ्यात चुकीची रायफल असते. का, ते बघू.

आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडे "पॉइंट टू-टू" हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतात. एक म्हणजे .२२ ची काडतुसाची रायफल. एनसीसी केलेल्यांनी हीच चालवलेली असते आणि स्वप्नीलचा प्रकारही हिच्यावरच होतो. हिच्यात बारूद असते, ती बंदूकच आहे. दुसरी म्हणजे ५.५ मिलीमीटरची एअर गन, जी हवेच्या दाबावर चालते. आणि १० मीटर एअर रायफल, म्हणजे अभिनव बिंद्राने २००८ मध्ये ज्यात सुवर्ण जिंकलं तो प्रकार, यापैकी कशावरच होत नाही. ती .१७७ ची, म्हणजे ४.५ मिलीमीटरची.

आता थोडं गणित. मॅच एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ऊर्जा येते सात-आठ ज्यूल. .२२ काडतुसाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सव्वातीनशेच्या पुढे. म्हणजे जवळपास १४० ज्यूल. अठरापट! ती गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून तिला गच्ची नाही, शेत नाही, योग्य बांधलेली रेंजच लागते.

कायदाही हाच फरक करतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलीमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. ओळखपत्र द्यावं लागतं, बिल जपून ठेवायचं. त्याच्या वर गेलात, मग ती ५.५ ची एअर गन का असेना, की परवाना आला. .२२ काडतुसाच्या रायफलला तर परवाना हवाच, आणि स्वतःच्या नावावर परवाना काढायला वय किमान २१ लागतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घरात विकत घेण्याच्या यादीत .२२ येतच नाही. पुढे शिकायची असेल तर क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

पण समजा कायद्याची अडचण नसती, तरी मी .१७७ च म्हटलं असतं. कारण नेमबाजी म्हणजे तीच कृती हजारो वेळा सारखी करणं. आवाज आणि धक्का मोठा असला की मूल चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं, खांदा आखडतं. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलीमीटरचा असतो. तिथे ताकदीचा काही उपयोग नाही. कागदाला भोक पाडायला सात ज्यूल भरपूर झाले.

मग .१७७ मध्ये कुठली? मुख्य प्रकार दोन.

पहिला स्प्रिंगवाली. नळी खाली मोडायची, स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा. स्वस्त आणि टिकाऊ. पण आतला पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन थांबला की पुढे हिसका देते. हे बहुतेक छर्रा नळीत असतानाच घडतं. म्हणून पकड जरा बदलली की छर्रा दुसरीकडे. मुलाला कळतच नाही की चूक त्याची की रायफलची. शिवाय नळी मोडायला जोर लागतो. दहा वर्षांच्या मुलीला प्रत्येक फैरीला मामा लागणार असेल, तर ती शिकत नाहीये, बघतेय.

दुसरा पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरलेला सिलिंडर असलेली. धक्का जवळजवळ नाही, बोल्ट किंवा लीव्हर बोटाने उघडतो. क्लबमध्ये मॅचसाठी हीच असते. पण परदेशी मॅच रायफल लाखांत जाते आणि हवा भरायचं काम मोठ्या माणसाचंच.

प्रकारापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे माप. मुलाने हाताचा कोपर काटकोनात वाकवायचा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. बोट चापापर्यंत सहज पोचलं तर लांबी बरोबर. ताणावं लागलं तर रायफल मोठी. मॅच रायफलचा दस्ता कमी-जास्त करता येतो, तो फायदा इथे कळतो. मग वजन. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण तुमच्या पुतणीला ते चालणार नाही. रायफल खांद्याला लावून अर्धा मिनिट धरायला सांगा. पाठ मागे वाकली किंवा नळी थरथरायला लागली तर जड आहे. सुरुवात बसून, टेबलावर टेकू देऊन करायला काही हरकत नाही.

डोळाही तपासा. दोन्ही तळहातांच्या मध्ये छोटी फट करून लांबच्या दिव्याकडे बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने दिवा दिसत राहतो तो त्याचा मुख्य डोळा. मूल उजव्या हाताचं आणि मुख्य डोळा डावा, असं असू शकतं. दस्ता कुठल्या बाजूचा घ्यायचा हे त्यानंतर प्रशिक्षकाला विचारून ठरवा. दुर्बीण सध्या नको. तिच्यात स्वतःची थरथर मोठी दिसते आणि मूल घाबरून चाप झटकतं.

छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. आणि आमच्या कोडिंगमधला नियम इथेही लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला. छर्रा, पकड आणि साइट एकाच दिवशी बदलली तर गट कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही.

सुरक्षेचं मी सौम्य सांगणार नाही. सात ज्यूल कागदाला पुरतात तसे डोळ्यालाही पुरतात. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. छर्रा अडवायला तिरप्या पत्र्याची पेटी हवी. भिंत आणि दगड छर्रा परत पाठवतात. रायफल कायम भरलेलीच समजायची, नळी टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. वापर झाला की रायफल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. आणि चिमणी, होला, खार यांच्यावर नेम धरला त्या दिवशी रायफल बंद, हे आधीच सांगून ठेवा. पक्षी मारणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि तसंही ती नेमबाजी नव्हे.

आता माझं मत. पहिले तीन-चार महिने काहीच विकत घेऊ नका. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, शिवाय अनेक जिल्ह्यांत क्लब आहेत. तिथली रायफल वापरा. मूल तोपर्यंत टिकलं, तर त्याच्या हाताची लांबी आणि ताकद प्रशिक्षकाला माहीत झालेली असते. मग तेच पैसे नेमक्या मापावर खर्च होतात. भाच्याचं आणि पुतणीचं आम्ही असंच ठरवलंय. "जोरदार घे" म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगा: पोराला रायफल पेलली पाहिजे, पोराने रायफलला पेलायचं नसतं.

भेटू पुढच्या भागात.